‘अपूर्ण’ ठरलेल्या एका अर्जाविषयी: शाळेच्या गौरव समितीला खुले पत्र

प्रति,
गौरव समिती, माजी विद्यार्थी संघ

विषय: ‘यशस्वी माजी विद्यार्थी’ नामावलीचे निकष आणि त्या नामावलीतून माझे नाव वगळण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

सादर नमस्कार.

शाळेच्या पंचाहत्तराव्या वर्षानिमित्त तयार होत असलेल्या ‘यशस्वी माजी विद्यार्थी’ नामावलीत माझी निवड झाली असून मला 100 पैकी 71 गुण मिळाले आहेत, असे कळवणारे आपले पत्र मिळाले. शाळा सोडून 41 वर्षे झाल्यावर पुन्हा गुणपत्रिका हाती पडेल असे वाटले नव्हते. ज्या आठवड्यात हे पत्र आले त्याच आठवड्यात, सहा वर्षे माझ्या बाकावर शेजारी बसलेल्या मित्राचा अर्ज समितीकडून त्याच्याकडे परत गेला. त्या अर्जावर तांबड्या शाईत ‘अपूर्ण’ असा शेरा आहे आणि ‘सध्याचे पद’ या रकान्याभोवती गोल केलेला आहे. रकाना कोरा नव्हता. त्यात त्याने सुवाच्य अक्षरात लिहिले होते: ‘थोरला भाऊ’.

मी आपल्याला दोन पत्रे लिहिली. दोन्ही पत्रांना मिळून एका ओळीचे उत्तर आले, ‘निकष सर्वांना समान आहेत.’ म्हणून हे तिसरे पत्र उघडपणे लिहीत आहे. शाळेचे नाव मुद्दाम टाळले आहे, कारण एका शाळेला अथवा एका समितीला लोकांसमोर उभे करण्याचा माझा हेतू नाही. अशा नामावल्या, असे फलक आणि असे अर्ज इतरत्रही आहेत, आणि ते तयार करणारी माणसे बहुधा आपल्यासारखीच सद्हेतूने वागणारी असतात. मित्राविषयी लिहिण्यापूर्वी त्याची परवानगी घेतली आहे. ती देताना तो हसला आणि ‘तुला एवढा राग कशाचा आला?’ असे त्याने विचारले. त्या प्रश्नाचे खरे उत्तर थोडे अडचणीचे आहे, म्हणून तेच आधी सांगतो.

मी 27 वर्षे नोकरभरतीचे काम केले. माणसांच्या आयुष्याची दोन पाने वाचायची, त्यांना गुण द्यायचे आणि गठ्ठ्याचे तीन भाग करायचे, हा माझा पोटापाण्याचा उद्योग होता. एकदा एका उमेदवार बाईंच्या अर्जात तीन वर्षांचा हिशेब लागत नव्हता. मुलाखतीत विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की त्या काळात आई अंथरुणाला खिळलेली होती. मी सहानुभूतीने मान हलवली आणि समासात ‘खंड’ असा शब्द लिहून ठेवला. नियमच तसा होता. नोकरीशिवाय गेलेल्या काळाला आमच्याकडे तेवढा एकच शब्द होता, मग त्या काळात माणूस झोपा काढत असो की कोणाला मरणाच्या दारातून परत आणत असो. ‘अपूर्ण’ हा शेरा पाहिल्यावर मला माझेच अक्षर ओळखू आले. माझा राग समितीवर आहे तितकाच त्या अक्षरावरही आहे, हे मान्य करूनच पुढचे मुद्दे मांडतो.

माझा पहिला आक्षेप अर्जाच्या रकान्यांना आहे. पदाला 30 गुण, वार्षिक उत्पन्नाच्या गटाला 25, पुरस्कारांना 20, शिक्षणाला 15 आणि माध्यमांतील उल्लेखांना 10. या पाचही गोष्टींत एक साम्य आहे, ते म्हणजे त्या दुसऱ्याला बाहेरून दिसतात. ज्याच्याशी कधी बोलणे झालेले नाही अशा माणसाविषयीही त्या तपासून घेता येतात. समितीचे काम त्यामुळे सोपे झाले असणार, आणि शेकडो अर्ज हाताळण्याची अडचण मला चांगली ठाऊक आहे. पण सोपे मोजता येते तेच मोलाचे, असे एकदा ठरले की मोजता न येणारे आधी वगळले जाते आणि मग विसरले जाते. एखाद्या डॉक्टरच्या नावापुढे पदवी दिसते. वाईट बातमी सांगताना तो रुग्णाशेजारी बसतो की दारातूनच सांगून निघून जातो, हे दिसत नाही. रुग्णाच्या लक्षात मात्र तेवढेच राहते.

येथे आपल्या भाषेकडेही पाहावे असे वाटते. ‘यश’ या शब्दाचा संस्कृतातला अर्थ कीर्ती असा आहे, म्हणजे यशस्वी तो ज्याचे नाव झाले. त्या अर्थाने समितीने शब्द अगदी अचूक निवडला आहे, कारण नामावलीत नाव झालेली माणसेच आहेत. पण मराठीत याच परिसरात आणखी शब्द आहेत. सफल म्हणजे ज्याला फळ आले ते. सार्थक म्हणजे ज्याला अर्थ आहे ते. कृतार्थ म्हणजे ज्याचे योजलेले कार्य झाले तो. यांपैकी शेवटचा शब्द लावण्यापूर्वी ज्याच्याविषयी बोलायचे त्यालाच विचारावे लागते, ‘बाबा रे, तुझे कार्य कोणते होते?’ आपल्या अर्जात हा प्रश्न कुठेही नाही. अर्ज चार पानांचा आहे.

माझ्या मित्राला हा प्रश्न विचारला असता तर काय उत्तर आले असते, ते मी थोडक्यात सांगतो. शाळेत तो गणितात माझ्या कितीतरी पुढे होता. भूमितीचे रायडर, म्हणजे प्रमेयांवर आधारलेली अवघड उदाहरणे, तो वहीच्या मागच्या पानावर, शिक्षकांच्या पद्धतीपेक्षा दोन पायऱ्या कमी घेऊन सोडवत असे. पदवीच्या दुसऱ्या वर्षी असताना त्याच्या धाकट्या भावाला अपघात झाला. डोक्याला मार होता. मुलगा वाचला, पण बोलणे, चालणे, आकडे, सगळे गेले. घरात तिसरे कर्ते माणूस नव्हते. मित्राने एका छापखान्यात रात्रपाळीची मुद्रितशोधकाची नोकरी धरली, कारण दिवसा घरी राहता येत होते, आणि पुढची 23 वर्षे त्याने तीच नोकरी केली. भावाला त्याने पुन्हा मोजायला शिकवले. एक ते दहा या आकड्यांना चौदा महिने लागले. सात आणि नऊ यांची अदलाबदल मात्र होतच राहिली. आज तो भाऊ आधाराने चालतो, स्वतःच्या हाताने जेवतो आणि थोरल्या भावाच्या चुका काढतो.

हे वाचून डोळे पाणावावेत अशी माझी अपेक्षा नाही आणि मित्राची तर मुळीच नाही. तो संत नाही. तो चिडतो, कंटाळतो, नातेवाइकांना फटकन बोलतो. गणिताचा अभ्यास सुटल्याचे त्याला अजून वाईट वाटते, आणि ‘त्या वेळी मदतीला आणखी एक माणूस असते तर मी दोन्ही केले असते’ असे तो स्पष्ट म्हणतो. त्यामुळे त्याच्यासाठी ‘विशेष त्याग’ किंवा ‘आदर्श बंधू’ असा एखादा वेगळा गौरव काढावा, अशी सूचना कोणाच्या मनात आली असेल तर ती कृपया बाजूला ठेवावी. तो आणखी एक रकानाच झाला. माझा मुद्दा एवढाच आहे की ‘सध्याचे पद’ या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर खरे होते, पूर्ण होते, आणि समितीने ते चूक ठरवले.

दुसरा आक्षेप काळाचा आहे. आयुष्य चालू असताना एका तारखेला ते थांबवून गुण द्यायचे, ही रीत धोक्याची आहे. आनुवंशिकतेचे नियम शोधणारे धर्मगुरू ग्रेगोर मेंडेल यांचे उदाहरण घ्या. ते शाळेत शिकवत असत आणि शिक्षकाच्या पात्रतेची परीक्षा त्यांना दोनदा प्रयत्न करूनही उत्तीर्ण होता आली नाही. वाटाण्याच्या रोपांवरचे त्यांचे संशोधन 1866 साली छापले गेले, पण त्याचे मर्म फारसे कोणाला कळले नाही. 1884 साली ते वारले आणि 1900 साली इतर शास्त्रज्ञांना त्यांच्या कामाचे मोल उमगले. त्यांनी अखेरच्या वर्षी आपला अर्ज भरला असता तर मठाधिपती म्हणून पदाचे गुण बहुधा पुरेपूर मिळाले असते आणि वाटाण्यांना शून्य. म्हणजे ते नामावलीत आलेही असते, पण चुकीच्या कारणासाठी.

अलीकडचे उदाहरण कॅटलिन कारिको यांचे. एमआरएनएवर (पेशीला प्रथिने बनवण्याचा संदेश पोहोचवणाऱ्या रेणूवर) काम करणाऱ्या या संशोधिकेला 1995 साली त्यांच्या विद्यापीठाने खालच्या पदावर आणले. 2023 साली त्यांना ड्रू वाइसमन यांच्यासह वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. मधल्या 28 वर्षांत ‘सध्याचे पद’ हा रकाना त्यांच्याविषयी काय सांगत होता?

मात्र ही उदाहरणे देताना मी स्वतःच फसतो आहे, हेही कबूल केले पाहिजे. मेंडेल आणि कारिको यांची नावे घेऊन मी एवढेच म्हणतो की जरा थांबा, पुढे कदाचित मोठे बक्षीस मिळेल. म्हणजे फूटपट्टी तीच ठेवली, फक्त मोजण्याची तारीख पुढे ढकलली. माझ्या मित्राला कोणतेही बक्षीस मिळणार नाही. कारिको यांनाही नोबेल मिळाले नसते तर त्यांची प्रयोगशाळेतली वर्षे वाया गेली असे आपण म्हणणार होतो का? मला वाटते, म्हटलेच असते. आणि ते चूकच ठरले असते.

‘निकष सर्वांना समान आहेत’ या आपल्या उत्तराविषयी थोडे. निकष समान असले म्हणून ते योग्य असतातच असे नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी 1921 साली असामान्य बुद्धीची मुले शोधायला सुरुवात केली. बुद्धिमापन चाचणीत ठरावीक अंकाच्या वर असलेली साधारण 1,500 मुले त्यांनी निवडली आणि त्यांचा माग पुढे अनेक दशके काढला गेला. चाचणी सर्वांना समान होती. तरीही ज्यांची चाचणी झाली पण निवड झाली नाही अशांपैकी दोन मुलांना, विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ यांना, पुढे 1956 आणि 1968 साली पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. निवडलेल्यांपैकी कोणालाही ते मिळाले नाही. टर्मन यांनी पुढे निवडलेल्यांमधले सर्वांत यशस्वी आणि सर्वांत कमी यशस्वी असे दोन गट करून तुलना केली. दोन्ही गट पुरुषांचेच होते. आपल्या नामावलीतही माझ्या तुकडीतील अकरा नावांपैकी मुलींची नावे दोनच आहेत, आणि वर्गात निम्म्या मुली होत्या. त्या बाकीच्या सगळ्या जणी अयशस्वी निघाल्या, असे समितीला खरोखर म्हणायचे आहे का?

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो मुलांशी संबंधित आहे. नामावली स्मरणिकेत छापून संपणार नाही. ती जिन्यासमोरच्या भिंतीवर कोरली जाणार आहे. ‘मला यांच्यासारखे का व्हायचे आहे’ या विषयावर निबंधस्पर्धा होणार आहे आणि फलकावरील निवडक व्यक्तींची व्याख्याने ठेवली जाणार आहेत. अकरा-बारा वर्षांचे मूल रोज त्या भिंतीसमोरून दोनदा जाईल. आई-वडिलांचे नाव तिथे असण्याचा संभव फार थोडा. आपले घर चालवणारी माणसे या यादीत बसत नाहीत, एवढे ते मूल कोणी न सांगता शिकेल. आपण ते मुद्दाम शिकवत नाही हे मला मान्य आहे. भिंत शिकवेल.

व्याख्यानांविषयी माझी वेगळी हरकत आहे. दुसऱ्या महायुद्धात परत आलेल्या विमानांवर गोळ्यांची भोके कुठे आहेत हे पाहून तिथे चिलखती पत्रा वाढवावा, असा विचार चालला होता. संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड यांचे विश्लेषण नेमके उलट बाजूला बोट दाखवत होते: जी विमाने परत आलीच नाहीत त्यांना गोळ्या कुठे लागल्या असतील, याचा विचार आधी हवा. आपल्या व्यासपीठावर केवळ परत आलेली विमाने बोलणार आहेत. मी बोललो असतो तर मीही कष्ट, चिकाटी, शिस्त असेच काहीतरी सांगितले असते. ते खोटे ठरले नसते. पण तेवढीच चिकाटी असलेले माझे दोन सहकारी कंपनीचा एक विभाग बंद झाला तेव्हा घरी गेले आणि मी केवळ शेजारच्या विभागात होतो म्हणून राहिलो, हे मी सांगितले नसते. तशी व्याख्याने ऐकून मुलांना आपल्या अपयशाचा सगळा दोष स्वतःकडे घ्यायची सवय लागते.

यावर कोणी म्हणेल की पैसा आणि पद यांना नाके मुरडणे ज्याच्याकडे दोन्ही आहे त्याला सोपे जाते. हा टोला मला लागू आहे. हातात पैसा नसणे म्हणजे काय, हे माझ्या मित्राला माझ्यापेक्षा जास्त कळते, आणि ‘पैशाने काय होते?’ असे कोणी म्हटले की तोच पहिला उसळतो. औषधे पैशाने येतात. रात्रपाळीऐवजी मदतनीस ठेवता आला असता तर तोही पैशानेच. चांगले काम करून नाव आणि पैसा मिळवलेल्या माजी विद्यार्थ्यांचा अभिमान शाळेने जरूर बाळगावा. त्यांच्यापैकी काहींचे काम मी जवळून पाहिले आहे आणि ते खरोखर मोठे आहे. आक्षेप त्यांच्यावर नाही, त्यांच्या बेरजेला ‘यशस्वी आयुष्य’ म्हणण्यावर आहे.

आयुष्य कसे गेले हे दीर्घकाळ पाहण्याचा प्रयत्न ज्यांनी केला त्यांना काय दिसले, तेही समितीने विचारात घ्यावे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात 1938 साली सुरू झालेल्या एका अभ्यासात तिथले 268 विद्यार्थी होते, आणि त्याला जोडल्या गेलेल्या दुसऱ्या अभ्यासात बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतील 456 मुले. या 724 जणांची तब्येत, नोकरी, संसार, भांडणे यांची विचारपूस अनेक दशके होत राहिली. वयाच्या पन्नाशीत आपल्या नात्यांविषयी जे सर्वांत समाधानी होते, ते ऐंशीव्या वर्षी सर्वांत निरोगी असल्याचे त्यात आढळले. पन्नाशीतील कोलेस्टेरॉलपेक्षा नात्यांतील समाधानावरून पुढच्या तब्येतीचा अंदाज अधिक चांगला बांधता येत होता. हाही अभ्यास सुरुवातीला फक्त पुरुषांचा होता, आणि निरोगी म्हातारपण म्हणजेच यश असे मी म्हणत नाही. पण इतकी वर्षे माणसांच्या मागे राहिलेल्या संशोधकांना जे विचारावेसे वाटले, त्यातला एकही प्रश्न आपल्या चार पानांत नाही. कोणाचा आधार वाटतो? मध्यरात्री फोन कोणाला करता येतो? तुमच्यामुळे कोणाचे काही सोपे झाले का? मला हे प्रश्न विचारले असते तर 71 गुण मिळाले नसते, एवढे खात्रीने सांगतो. मध्यरात्री मला फोन करणारी माणसे दोन आहेत. माझ्या मित्राच्या दारात संध्याकाळी चपला ठेवायला जागा नसते. गल्लीतली मुले गणित विचारायला येतात आणि भाऊ त्यांना पाढे चुकीचे म्हणून दाखवतो.

आता मागण्या. त्या अवघड नाहीत.

नामावलीच्या शीर्षकातील ‘यशस्वी’ हा शब्द काढावा आणि गुणपद्धती रद्द करावी. तसे करायचे नसेल तर फलकावर ‘पद, उत्पन्न, पुरस्कार, शिक्षण आणि प्रसिद्धी यांत 60 हून अधिक गुण मिळवलेले विद्यार्थी’ असे पूर्ण वाक्य कोरावे. ते लांब होईल, पण खरे असेल.

उत्पन्नाचा रकाना अर्जातून वगळावा आणि आतापर्यंत जमा झालेली ती माहिती नष्ट करून तसे सर्वांना कळवावे.

‘अपूर्ण’ शेरा मारून परत पाठवलेले सर्व अर्ज, माझ्या माहितीप्रमाणे ते एकापेक्षा बरेच अधिक आहेत, दिलगिरीच्या पत्रासह पुन्हा मागवावेत. ‘सध्याचे पद’ या जागी ‘सध्या आपण काय करता?’ असा साधा प्रश्न ठेवावा आणि उत्तर जसे येईल तसे छापावे, आडनावाच्या अकारविल्हेने.

व्याख्यानांसाठी ज्यांचा उद्योग बुडाला, ज्यांनी मध्येच वाट बदलली, ज्यांनी घर सांभाळले, अशा माजी विद्यार्थ्यांनाही बोलवावे. निबंधाचा विषय बदलावा. मुलांना घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाला भेटून ‘तुमच्या मते तुमचे कोणते काम नीट झाले?’ असे विचारायला सांगावे आणि मिळालेले उत्तर लिहायला सांगावे.

शेवटची मागणी माझ्यापुरती आहे. वरील गोष्टींचा निर्णय होईपर्यंत माझे नाव नामावलीतून वगळावे. यात रुसवा नाही. शाळेने मला बरेच काही दिले आहे, त्यात तो बाकही आला, आणि समारंभाला मी श्रोता म्हणून येईन. फलकाचे कोरीवकाम पुढील महिन्यात सुरू होणार असल्याचे ऐकतो. दगडावरचे अक्षर खोडायचे म्हणजे दगडच बदलावा लागतो, म्हणून उत्तर त्यापूर्वी यावे.

मित्राच्या अर्जाची प्रत त्याच्या संमतीने सोबत जोडली आहे. समितीने तो परत पाठवल्यावर त्याने त्यात एकाच प्रकारची दुरुस्ती केली आहे. मुद्रितशोधकाच्या सवयीने त्याने समितीने छापलेल्या मजकुरातील शुद्धलेखनाच्या तीन चुका पेन्सिलीने समासात दाखवल्या आहेत. ‘सध्याचे पद’ या रकान्यातले दोन शब्द त्याने तसेच ठेवले आहेत.

आपला नम्र,
एक माजी विद्यार्थी